पहिल्या परदेशी डाइव्हसाठी तुलांबेन

तारकर्लीत ओपन वॉटर (स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स) केलंय, आता मालदीव की इंडोनेशियातलं कोमोडो, असा तुमचा प्रश्न आहे ना? माझं मत: दोन्ही थोडं थांबवा. कोमोडोचे प्रवाह नवख्याला झेपणारे नाहीत, आणि मालदीवच्या चॅनेल डाइव्हही (प्रवाळ कड्यांमधल्या, जोरदार प्रवाहाच्या वाटांमधल्या) तशाच.

त्यापेक्षा बालीचं तुलांबेन बघा. 'लिबर्टी' हे अमेरिकन मालवाहू जहाज 1942 मध्ये जपानी टॉर्पेडो लागून इथे किनाऱ्यावर आणून ठेवलं होतं. 1963 मध्ये अगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा ते घसरून पाण्यात गेलं. आता ते किनाऱ्यापासून जेमतेम 30 मीटरवर आहे. वरचा भाग पाचेक मीटर खोलीवर, तळ तिसाच्या आसपास. म्हणजे ओपन वॉटरच्या 18 मीटर खोलीच्या मर्यादेतही भरपूर बघून होतं. बोट नाही, म्हणजे बोट लागणंही नाही! चालतच पाण्यात शिरायचं. फक्त ते काळे गोटे... पाठीवर सिलिंडर घेऊन त्यांवरून चालताना माझी दोनदा फजिती झाली. शेजारून गावातल्या बायका डोक्यावर सिलिंडर घेऊन चपला घालून आरामात चाललेल्या! शक्यतो पहाटे उतरा, नऊनंतर दक्षिण बालीतून गाड्या येऊन गर्दी होते.

एक मात्र लक्षात ठेवा. परतताना ड्रायव्हर 'किंतामणीवरून जाऊ, छान व्ह्यू आहे' म्हणतो. डाइव्ह केलेल्या दिवशी नाही म्हणा. तो घाट दीड हजार मीटरच्या आसपास चढतो, आणि विमानासारखाच डिकम्प्रेशनचा (हवेचा दाब कमी झाल्याने शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा) धोका तिथेही असतो. विमानाआधी निदान 18 तास मोकळे ठेवा.