जीन रीस : दुसऱ्या भागात गोंधळ का होतो

जीन रीसची 'वाइड सारगासो सी' ही कादंबरी म्हणजे शार्लट ब्रॉन्टेच्या 'जेन एअर'मधल्या, माडीवर कोंडून ठेवलेल्या बायकोची आधीची गोष्ट. तिचा दुसरा भाग डोक्यावरून का जातो, आधी 'जेन एअर' वाचायलाच हवी का, असा प्रश्न पडतो. 'जेन एअर'चं कथानक ठाऊक असलं तरी पुरे. खरी अडचण निवेदकाची आहे. पहिला भाग नायिका आंत्वानेत (तीच ती बायको) सांगते, दुसरा बहुतांशी तिचा नवरा. पण ती घोड्यावरून आपल्या जुन्या दाईकडे, क्रिस्तोफीनकडे, मदत मागायला निघते तिथे 'मी' म्हणजे पुन्हा आंत्वानेत, आणि थोड्या पानांनी परत नवरा. लेखिका कुठेही तसं सांगत नाही. नवऱ्याला तर पुस्तकभर नावच नाही. तिसऱ्या भागाची सुरुवात ग्रेस पूलकडे, म्हणजे इंग्लंडमध्ये आंत्वानेतवर पहारा ठेवणाऱ्या बाईकडे.

काळही सोडू नका. रीसने कथा कॅरिबियनमध्ये, १८३३च्या गुलामगिरी रद्द करणाऱ्या ब्रिटिश कायद्यानंतर ठेवली. मळेवाले भरपाईची वाट बघत कंगाल झालेत, मुक्त झालेल्यांचा राग धुमसतोय. हे निसटलं तर कुलिब्रीची (आंत्वानेतच्या लहानपणीच्या घराची) आग आणि तिची बालमैत्रीण तिया हिने भिरकावलेला दगड नुसता खलपणा वाटतो.

ही रीसची पहिली कादंबरी नव्हे. १९२८ ते १९३९ मध्ये चार आल्या, मग मोठी शांतता, आणि १९६६ला ही, वयाच्या ७६व्या वर्षी. माझ्या मते यानंतर 'व्हॉयेज इन द डार्क' (१९३४) घ्यावी : कॅरिबियनमधून इंग्लंडला आलेली, नाटकमंडळीत कोरसमध्ये काम करणारी ॲना. मूळ हस्तलिखितात ती शेवटी मरते. प्रकाशकाने तो शेवट बदलायला लावला.