प्रतिसाद: खुशामतीपलीकडचं पदक

वर कुणीतरी म्हटलंय की स्मृतिपदकं म्हणजे राजाचा चेहरा आणि खुशामत, त्यात कला कसली? अर्धंच पटलं.

म्युनिकचा पदककार कार्ल गोट्झ याचं लुसिटानिया पदक घ्या. लुसिटानिया म्हणजे पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुडीने बुडवलेलं ब्रिटिश प्रवासी जहाज. एका बाजूला बुडणारं जहाज, दुसऱ्या बाजूला तिकीट खिडकीत बसलेला सांगाडा आणि वर 'धंदा सर्वांत मोठा' अशा अर्थाचा टोला. रोख जहाज कंपनीच्या हावरटपणावर होता. पण जहाज बुडालं ७ मे १९१५ ला आणि गोट्झने तारीख कोरली ५ मे! ब्रिटिशांना आयतं कोलीत मिळालं. 'बघा, सगळं आधीच ठरलं होतं' म्हणत त्यांनी त्याच्या लाखो नकला डबीत घालून विकल्या. खुशामत नव्हे, चक्क व्यंगचित्र, आणि उलटलं करणाऱ्यावरच.

आपल्या नाशिककरांना यात नवल नको. १९०६ साली जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. ती पदकं नव्हेत, कबूल. पण नाणी वितळवून नवी पाडता आली असती की! शत्रूचा चेहरा खाली अर्धवट दिसत राहतो, त्यातच खरी मेख आहे.

अंजनेरीचं नाणेसंग्रहालय पाहिलं नसेल तर त्र्यंबकला जाताना जरूर थांबा.