फ्लिकर म्हणजे लुकलुकणं की फडफडणं?

कॉम्प्युटरच्या स्क्रीनच्या बिघाडांना मराठी शब्द शोधताना ‘फ्लिकर’साठी ‘लुकलुकणं’ सुचवलं गेलंय, ते मला पटत नाही. लुकलुकतात ते तारे, लांबचे बारीक दिवे. अख्खी स्क्रीन क्षणात उजळते, क्षणात मंदावते तेव्हा ती ‘फडफडते’, तेल संपत आलेल्या ज्योतीसारखी. चित्र जागच्या जागी हलत असेल तर ‘थरथरते’. आणि उजेड कमी पण स्थिर असेल तर ‘मिणमिणते’.

मी लॅपटॉप दुरुस्त करतो, म्हणून हा आग्रह. वीज गेली, आवाज गेला, तसं बहुतेक जण ‘स्क्रीन गेली’ एवढंच सांगतात. परवा फोनवर एका बाईंना म्हटलं, अंधार करून स्क्रीनवर टॉर्च तिरका धरा. “अहो, आत सगळं पुसट दिसतंय की!” म्हणजे चित्र शाबूत होतं, मागचा उजेड विझला होता. याला ‘स्क्रीन अंधारली’ म्हणावं. त्या शब्दावरूनच कळतं, की पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा अख्खा पडदा, बदलण्याआधी केबल आणि बॅकलाइटचा, म्हणजे त्या मागच्या उजेडाचा, फ्यूज तपासायचा.

फडफडीचंही तसंच. झाकण पुढेमागे केल्यावर ती कमीजास्त होत असेल तर पहिला संशय बिजागरीतून जाणाऱ्या केबलवर. तसं नसेल तर विंडोजमध्ये टास्क मॅनेजर, म्हणजे चालू अ‍ॅप्सची यादी दाखवणारी खिडकी, उघडा. बाकीच्या स्क्रीनबरोबर तोही फडफडला तर बहुधा ड्रायव्हरचा, म्हणजे स्क्रीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा दोष, तो एकटा स्थिर राहिला तर एखाद्या अ‍ॅपचा.

‘डेड पिक्सेल’ सरसकट वापरू नये. 1920×1080च्या स्क्रीनवर 20,73,600 पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग. पांढऱ्या पानावरही काळाच राहतो तो मेलेला. काळ्या पानावर लाल किंवा हिरवा पेटून राहतो तो ‘अडकलेला’. त्यावर भराभर रंग बदलत ठेवले तर तो कधीकधी सुटतो, मेलेला मात्र परत येत नाही. इतका फरक असताना दोघांना एक नाव कशाला?

‘बॅकलाइट ब्लीडिंग’मध्ये रक्त आणायची गरज नाही, उजेड कडेनं ‘झिरपतो’. स्क्रीनवर उमटलेल्या रेघेला रेघच म्हणा. फक्त स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या स्क्रीनवर बघा. त्यात रेघ नसेल तर दोष पॅनेलचा किंवा केबलचा.

‘घोस्टिंग’ला आम्ही ‘सावली’ म्हणतो. पण ती हलत्या चित्रामागे ओढली जाते, म्हणून मला ‘शेपूट’ जास्त नेमकं वाटतं.