जिल्हा परिषदेच्या शाळांना चित्रकला-संगीताचे शिक्षक हवेत का?

पाटीपेन्सिल

मी जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत शिकवते. थेट मुद्द्यावर येते.

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या परिशिष्टात लिहिलंय, की सहावी ते आठवीचा पट 100 च्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अर्धवेळ निदेशक, म्हणजे तो विषय शिकवणारी माणसं, द्यायचे. आता आमच्या तालुक्यात या तीन वर्गांचा पट 100 च्या वर जाणाऱ्या शाळा शोधाव्या लागतात. उरलेल्या शाळांतल्या मुलांना कायद्यानेच सांगून टाकलं, की तुमच्यासाठी कोणी येणार नाही.

कला हा विषय मात्र वेळापत्रकात आहे आणि त्याचं आकारिक मूल्यमापनही (वर्षभरातल्या कामावरून होणारं) आहे, तेही पूर्ण 100 गुणांचं. मार्च-एप्रिलमध्ये नोंदवह्या भरताना काय होतं ते शिक्षकांना माहीत आहे. ‘चित्रात योग्य रंग भरतो’, ‘गीत तालासुरात म्हणतो’, ‘कागदकाम आवडीने करतो’ अशा नोंदींच्या तयार याद्या ग्रुपवर फिरतात आणि आपण त्या उतरवून काढतो. वर्षभरात ज्या मुलाच्या हाती ब्रश आला नाही, त्याने योग्य रंग भरल्याची नोंद त्याच्या नावावर चढते. मला हे लिहिताना दरवर्षी त्रास होतो.

माझी मागणी अशी: प्रत्येक केंद्राला (आसपासच्या शाळांच्या गटाला) एक संगीताचा आणि एक चित्रकलेचा पूर्णवेळ शिक्षक द्या. केंद्रातल्या दहाएक शाळा त्यांनी वाटून घ्याव्यात. आठवड्यातून अर्धा दिवस जरी एका शाळेला मिळाला तरी आजच्यापेक्षा खूप आहे. शहरात पालक पैसे मोजून गाण्याच्या, चित्रकलेच्या क्लासला घालतात. आमच्या मुलांना शाळेत मिळालं नाही तर कुठेच मिळत नाही.

कोरडवाहू

ताई, तळमळ पोचली. तरीही विरोधात लिहितो.

माझी शाळा पहिली ते पाचवी, द्विशिक्षकी. सहकारी मतदार याद्यांच्या (बीएलओच्या) कामावर गेले की पाचही वर्ग माझ्याकडे. त्यातच पोषण आहाराच्या नोंदी आणि रोजची ऑनलाइन माहिती. ‘असर’ या ग्रामीण भागातल्या शिक्षणाच्या पाहणीत देशभरातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी 2022 मध्ये 20.5 टक्के होती, 2024 मध्ये 27.1 टक्के. सुधारणा झाली असं म्हणू, पण चारातल्या जवळपास तिघांना अजून तेवढं वाचता येत नाही. ज्या मुलाला वाचता येत नाही त्याचं सगळंच अडतं. पुढे मजुरीला गेला तरी हजेरीपत्रकावर आपल्या नावापुढे किती दिवस लिहिलेत ते त्याला कळणार नाही.

शासनाकडे एका पदाचे पैसे असतील तर मी वर्गशिक्षक मागेन. पेटी शिकवणारा मागणार नाही. हे मन घट्ट करूनच लिहितोय.

रेघोट्या

अनुदानित हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवतो, एटीडी (कलाशिक्षक पदविका) आहे. आमच्याकडे आठवीला आजूबाजूच्या जिल्हा परिषद शाळांतून मुलं येतात. एलिमेंटरी या शासकीय चित्रकला परीक्षेला बसवायचं म्हटलं तर वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असं सगळं शून्यापासून. मडकं समोर ठेवलं की बहुतेक जण डोळ्यांनी मडकं बघतात आणि हाताने पाठ झालेलं मडकं काढतात. तोंडाचं वर्तुळ आपल्या जागेवरून लंबगोल दिसतंय, उजेड डावीकडून येतोय, हे बघायला शिकवण्यातच पहिली सहामाही जाते. पाचवी-सहावीत कोणी हे करून घेतलं असतं तर आठवीत आम्ही कुठल्या कुठे गेलो असतो.

एक सावधगिरी मात्र सांगतो. त्यापुढच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, अ ला 7, ब ला 5, क ला 3. त्यामुळे मुलं आली, पालकांनी रंग घेऊन दिले, हे चांगलंच झालं. पण गुणांसाठी आलेला मुलगा स्मरणचित्राचे दोन-तीन ठरलेले प्रसंग घोटतो, पेपर देतो आणि ब्रश ठेवून देतो. कलाशिक्षकाची मागणी गुणांच्या जोरावर करू नका. उद्या गुण काढले की पदही जाईल.

पाटीपेन्सिल

कोरडवाहू सर, वाचन आधी आणि गाणं नंतर असा क्रम तुम्ही धरलाय. माझा अनुभव उलटा आहे.

आमच्या वर्गात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं आहेत. काहींच्या घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात. वर्गातल्या मराठीत ती गप्प असतात. चौथीतली एक मुलगी धडा वाचायला उभी केली की दोन-दोन मिनिटं पुस्तकाकडे बघत राहायची. कविता मात्र चालीवर घेतली, केरव्याच्या ठेक्यावर टाळ्या घेतल्या, की तिचा आवाज सगळ्यांत पुढे. मग मी तीच कविता फळ्यावर लिहून, चाल न सोडता, एकेका शब्दावर तिला बोट ठेवायला लावलं. ओळ तोंडात होतीच, आता ती डोळ्यांना भेटली. जोडाक्षरं आली की ठेका धीमा करायचा, एवढंच. दिवाळीपर्यंत ती न गायलेली कविताही वाचू लागली.

हे मला जमलं कारण मी घरी थोडं गाणं शिकलेय. ज्या शिक्षकाला सूर लागत नाही त्याने काय करावं? म्हणून तर माणूस मागतेय.

आकडेमोड

मी दोघांच्या मध्ये येतो. संगीत शिकल्याने गणित सुधारतं, बुद्धी वाढते हा दावा कृपया करू नका. पाश्चात्त्य संगीतकार मोझार्टचं संगीत ऐकवण्याच्या 1993 च्या ज्या प्रयोगातून ‘मोझार्ट परिणाम’ हा शब्द निघाला, तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटं टिकणारा होता. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा संगीत शिक्षणाने सर्वसाधारण बुद्धिमत्ता वाढते याला भक्कम आधार सापडला नाही.

चांगला पुरावा हवा असेल तर अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा घ्या. तिथे 42 सरकारी शाळा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दोन गटांत वाटल्या आणि एका गटाला कलाशिक्षणाची जास्तीची संधी दिली. 2019 मध्ये निष्कर्ष आले. शिस्तभंगाच्या कारवाया कमी झाल्या, मुलांचं लेखन सुधारलं, दुसऱ्याबद्दलची आस्था वाढली. गणिताच्या गुणांत मात्र फरक दिसला नाही. ताईंच्या वर्गातल्या मुलीची गोष्ट मला पटते, पण एका मुलीवरून राज्याचं धोरण ठरत नाही. आणि गणित वाढत नाही म्हणून कला नको, हेही म्हणता येत नाही. भूगोलाने गणित वाढतं का, असं आपण कधी विचारत नाही.

टाळकरी

पदं, संचमान्यता (पटावरून पदं ठरवणं), बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची यादी) यात दहा वर्षं जातील. गावात बघा ना. प्रत्येक गावात भजनी मंडळ आहे, पखवाज वाजवणारे आहेत, लेझीम बसवणारे आहेत. त्यांना शनिवारी शाळेत बोलवा. ना पदवी लागते ना पगार. कसलेला वादक वर्गात बसला तर मुलं त्याच्याकडे बघत बघत शिकतात. बाहेरून शिकून आलेला शिक्षक मुलांना सरगम घोटायला लावेल आणि गावची चाल विसरायला लावेल, अशी मला भीती वाटते.

जात्यावरची_ओवी

टाळकरी दादा, तुमच्या गावच्या मंडळात पखवाजावर किती मुली बसतात?

आमच्या गावात एकही नाही. मला लहानपणी पखवाज शिकायचा होता. मंदिरात मुलींनी पुढे बसायचं नाही, मागे उभं राहून टाळ धरायचा, असं सांगितलं गेलं. हलगी ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांची मुलं मिरवणुकीत पुढे असतात आणि भजनाला बाहेर. गावाकडे कला खूप आहे हे खरं. ती कोणाला शिकवायची हे मात्र जात आणि घर बघून ठरतं. जिथे हजेरीपटावरच्या प्रत्येक नावाला वाद्याला हात लावायचा हक्क आहे, अशी शाळा ही एकच जागा आहे. तो हक्क गावच्या मर्जीवर सोडू नका.

बोलवायचंच असेल तर हलगीवाल्या काकांनाही बोलवा आणि मानधन द्या. लोककलावंताने कायम फुकट यायचं, असं का?

टाळकरी

मुलींचा मुद्दा मान्य. आमच्याकडे महिला भजनी मंडळ वेगळं आहे, पण पखवाजाला तिथेही पुरुषच बसतो. मानधनाचंही बरोबर आहे. गावची चाल शाळेत यावी, हे माझं म्हणणं मात्र कायम आहे.

कोरडवाहू

ओवी ताईंनी लिहिलेलं दोनदा वाचलं. माझ्याच शाळेत पोळ्याला हलगी वाजवणारा तिसरीतला मुलगा आहे आणि तो वर्गात शेवटच्या ओळीत बसतो. आता माझा विरोध मागणीला नाही, ती ज्या रीतीने अमलात येईल त्याला आहे.

आमच्या कपाटात एक पेटी आहे. मागच्या मुख्याध्यापकांनी शाळा अनुदानातून घेतली होती. भाता उंदरांनी कुरतडलाय, मधल्या सप्तकातल्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. दुरुस्तीला तालुक्याला न्यायची तर खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा, ते कोणी सांगत नाही. माणसांचंही तसंच. अंशकालीन, म्हणजे अर्धवेळ, निदेशक नेमले, ते तुटपुंज्या मानधनावर, काही महिन्यांचे आदेश देऊन. त्यातले कितीतरी जण कोर्टाच्या पायऱ्या चढले. चांगला तबलजी अशा नोकरीत का राहील? केंद्रातल्या दहा शाळा फिरायच्या तर वाड्या-वस्त्यांवर एसटी दिवसातून एकदा. तबला-डग्गा खांद्यावर घेऊन तो पोचणार कसा?

रेघोट्या

म्हणून वाद्यं शाळेतच हवीत आणि दुरुस्तीची वेगळी तरतूद हवी. चित्रकलेचंही तेच. रंग एकदाच येतात, मग सुकतात. वर्षाला किती कागद, किती ब्रश हे पटावर ठरलं पाहिजे.

पाटीपेन्सिल

पद पूर्णवेळ असावं, हे पहिल्या पोस्टमध्ये म्हटलंच होतं. वेतनश्रेणी, प्रवासभत्ता आणि दुरुस्तीची तरतूद त्यात घालते.

शाळा विकास आराखडा करण्याचं काम कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलंय. येत्या बैठकीत आमच्या समितीपुढे ठराव ठेवणार आहे. ‘केंद्रस्तरावर संगीत व चित्रकला शिक्षकांची पूर्णवेळ पदे मंजूर व्हावीत, स्थानिक लोककलावंतांना मानधनावर बोलावण्यास तरतूद असावी, प्रत्येक वाद्य मुलामुलींना सारखेच खुले असावे.’ तुमच्या समित्यांपुढेही ठेवा. एका केंद्रातून पाच-सहा ठराव गेले तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना पुढे पाठवावेच लागतील.

कोरडवाहू

आमच्या समितीपुढे ठेवतो, पण वर्गशिक्षकांची रिक्त पदं पहिल्या क्रमांकावर आणि तुमची मागणी दुसऱ्या, अशाच क्रमाने.

पाटीपेन्सिल

सर, क्रम नको. दोन क्रमांक लावले की दुसऱ्या क्रमांकाचं कधीच येत नाही, हे तुम्हीही वर्षानुवर्षं बघताय. दोन्ही मागण्या एकाच वाक्यात लिहू या, मधे ‘आणि’ घालून.

कोरडवाहू

मसुदा पाठवा. वाचून सांगतो.