मदत हवी आहे: बाहेरून ट्रॅकर बसवला म्हणून वॉरंटी नाकारतायत

पुणेकर_०७: गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, सेंट्रल लॉक मधूनच चालत नाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात बाहेरचं वायरिंग आहे, वॉरंटी बाद. उद्या गाडी न्यायची आहे, लवकर सांगा.

वायरमन: गाडी किती जुनी? ट्रॅकर साधा की इंजिन बंद करणारा? वायर कुठून घेतली? नकार तोंडी की जॉबकार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर?

पुणेकर_०७: १४ महिने. रिलेवाला, म्हणजे इंजिन बंद करणारा आहे, लॉक-अनलॉकही मोबाइलवरून होतं. स्टीअरिंगखाली वायरी सोलून टेप लावलाय. नकार तोंडीच.

गिअरलॉक_प्रेमी: ट्रॅकर चोरी झाल्यावर सांगतो, थांबवत नाही. लोखंडी गिअर लॉक लावा, एकही वायर सोलावी लागत नाही.

वायरमन: अहो, प्रश्न वॉरंटीचा आहे.

न्यूजर्सीकर: मॅग्नुसन-मॉस कायदा, १९७५. बाहेरच्या वस्तूमुळेच बिघाड झाला हे कंपनीनं दाखवायचं. घाबरू नका.

ग्राहकमित्र: तो अमेरिकेचा कायदा, इथे उपयोग नाही. आधी वॉरंटी पुस्तिकेतलं बदलांविषयीचं कलम वाचा. नकार कारणासह जॉबकार्डवर लिहून घ्या, नुसतं 'बाहेरचं वायरिंग' नको, कोणत्या वायरीमुळे काय बिघडलं ते हवं. नाही दिलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, मग २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोग.

विमावाला: एआरएआय या वाहन-तपासणी संस्थेच्या मान्यतेचं चोरीविरोधी यंत्र असेल तर ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर २.५ टक्के सूट मिळते, जास्तीत जास्त ५०० रुपये.

वायरमन: तेही विचारलेलं नाही. पुणेकर, हिशोब बघा. ट्रॅकर ६० मिलिअँपिअर ओढत असेल तरी दिवसाला दीड अँपिअर-तासच जातो. ३५ अँपिअर-तासांची चांगली बॅटरी दोन दिवसांत त्यानं बसत नाही, त्यासाठी ०.४ अँपिअरच्या आसपास ओढ लागते. म्हणजे एकतर बॅटरीच गेली आहे, नाहीतर लॉकच्या वायरीवर सतत सिग्नल येऊन बीसीएम, म्हणजे लॉक-दिवे सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर, झोपतच नाही. तसं असेल तर लॉकचा त्रासही तिथूनच.

आज मोजा. बॉनेट उघडं ठेवून त्याची कडी स्क्रूड्रायव्हरनं बंद स्थितीत ढकला, गाडी लॉक करा. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून मधे मल्टिमीटर, १० अँपिअरच्या जागी. ४० मिनिटं दार उघडू नका, चावी फिरवू नका. आकडा ०.०५ अँपिअरच्या आत हवा. मग ट्रॅकरचा फ्यूज काढून पुन्हा मोजा. दोन्ही आकड्यांचे फोटो काढा.

गिअरलॉक_प्रेमी: रिले मुळातच चूक. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर स्टीअरिंग जड होतं, ब्रेकलाही दोन-तीन दाबांपुरतीच मदत उरते.

वायरमन: हे मात्र बरोबर.

पुणेकर_०७: मोजलं. आधी ०.४१, ट्रॅकरचा फ्यूज काढून ०.३८. म्हणजे ट्रॅकरचा दोष नाही ना? वॉरंटी मागू?

वायरमन: थांबा. फ्यूजनं ट्रॅकरचा पुरवठा तुटला, लॉकच्या वायरीला दिलेली जोड तशीच आहे. टेप उकला. तिथे निळी चिमटा-क्लिप असेल तर तिचं पातं आतले तांब्याचे धागे कापू शकतं, मग उरलेल्या धाग्यांवर सिग्नल तुटक जातो. ती जोड सोडवून मोजा. आकडा खाली आला तर बसवणाऱ्याला धरा, नाही आला तर फोटो घेऊन जॉबकार्डवर भांडा. आणि बॅटरीचा लोड टेस्ट (भार टाकून ती किती टिकते याची तपासणी) केला का?

पुणेकर_०७: नाही. क्लिप निळीच आहे, दोन आहेत.