एचएफचा (हायड्रोजन फ्लोराइडचा) हायड्रोजन बंध जास्त मजबूत, मग पाणी उशिरा का उकळतं?

कृष्णाकाठ_कराड:
अकरावी सायन्स. विद्युतऋणता (इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची ताकद) फ्लोरिनची ४.०, ऑक्सिजनची ३.५. म्हणजे एचएफमधला हायड्रोजन बंध (एका रेणूच्या हायड्रोजनची शेजारच्या रेणूशी ओढ) जास्त मजबूत. तरी एचएफ १९.५ अंशाला उकळतं आणि पाणी १०० ला, असं कसं? नोट्समध्ये "पाण्यात बंध जास्त" एवढंच दिलंय. जास्त म्हणजे किती?

रसायन_सांगली:
एका बंधापुरतं तुझं बरोबर आहे. एचएफमध्ये साधारण २९ किलोज्यूल प्रतिमोल, पाण्यात २१ च्या आसपास. आता मोज. प्रत्येक बंधाला एकीकडून हायड्रोजन लागतो, दुसरीकडून लोन पेअर (बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनची जोडी). पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजन, दोन लोन पेअर, काहीच वाया जात नाही. म्हणून एक रेणू चार शेजाऱ्यांना धरतो. एचएफमध्ये लोन पेअर तीन, पण हायड्रोजन एकच. दोन पेअर बिनकामाच्या. म्हणून नुसत्या नागमोडी साखळ्या. प्रत्येक बंध दोन रेणूंचा सामाईक, त्यामुळे रेणूमागे पाण्यात दोन बंध, एचएफमध्ये एक. अमोनियात उलटी अडचण: हायड्रोजन तीन, लोन पेअर एक. त्यात बंधही कमजोर, म्हणून उणे ३३.

वाई_लॅब:
सर, ही मोजणी बोर्डाला पुरते, पण तिने दोन बंधांचे ४२ विरुद्ध एका बंधाचे २९ एवढाच फरक निघतो. खरी मेख बाष्पात आहे. उकळताना एचएफचे सगळे बंध तुटतच नाहीत, वाफेतही सहा-सहा रेणूंची कडी टिकून राहतात. म्हणून बाष्पनाला लागतात सुमारे ७.५ किलोज्यूल प्रतिमोल, पाण्याला ४०.७.
(आकडे १ वातावरण दाबाचे. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणीसुद्धा ९५-९६ लाच उकळतं.)

कृष्णाकाठ_कराड:
कळलं. दोन मार्कांना काय लिहू?

रसायन_सांगली:
रेणूमागे बंध किती आणि का, हे लिही, सोबत आकृती. वाफेतली कडी ऐच्छिक. मार्क जातात ते दोन ठिकाणी. एक, "पाणी उकळताना ओ-एच बंध तुटतो" असं लिहितात. तो रेणूच्या आतला सहसंयुज बंध आहे, तोडायला ४६३ किलोज्यूल प्रतिमोल लागतात. तो तुटला तर पाण्याची वाफ कुठली मिळणार? दुसरं, हायड्रोजन बंध सलग रेषेने काढतात. तुटक रेषाच हवी. एचएफची साखळी काढताना हायड्रोजन दोन फ्लोरिनच्या मध्ये सरळ रेषेत ठेव, पण एका फ्लोरिनच्या जवळ. वळण फ्लोरिनपाशी दे, साधारण १२० अंशांचं.