तक्रार ‘क्लोज’ झाली, पाणी काही आलं नाही. मग रेटिंग कशाचं द्यायचं?

कोरडा_नळ:
नळाला करंगळीएवढी धार येते म्हणून पाणी कंपनीकडे तक्रार टाकली, तिसऱ्या दिवशी मेसेज, ‘आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे, १ ते ५ मध्ये रेटिंग द्या’. बघायला कोणी आलंच नव्हतं! मी १ दिला तर लगेच फोन, बाई इतक्या गोड बोलल्या, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन ठेवताच परत मेसेज, आमच्याशी बोलून कसं वाटलं? आता खोटं कशाला बोलू, बोलून बरं वाटलेलं 😄 दिले ४. पण १५ लिटरची बादली भरायला अजून २० मिनिटं लागतात. हे रेटिंग नियामकापर्यंत जातं का कंपनीतल्या कंपनीतच फिरतं? आणि दुसरी कंपनी घ्यायची सोयच नाही तर मी खूश आहे की नाही याच्याशी त्यांना काय घेणंदेणं?

जुना_फ्यूज:
शेवटच्या प्रश्नातच सगळं आलं. एका गल्लीत दोन पाइपलाइन कोण टाकणार, म्हणून गिऱ्हाईक कुठे पळून जात नाही, आणि म्हणूनच नियामक बसवावा लागतो. मेसेजवरचं रेटिंग सहसा कंपनी स्वतःसाठीच घेते. इंग्लंड-वेल्समध्ये तिथल्या पाणी नियामकाने, ऑफवॉटने, २०२० पासून सी-मेक्स नावाचं ग्राहक-समाधानाचं मोजमाप आणलं, तिथे सर्व्हे कंपनी करत नाही, बाहेरची एजन्सी करते. त्यात दोन प्रकार, एक ज्यांनी कंपनीशी संपर्क केला त्यांना विचारायचं, दुसरं कुठलंही घर निवडून विचारायचं, म्हणजे जे कंटाळून फोनच करत नाहीत तेही सापडतात. ज्या कंपनीचा नंबर खाली तिला दंड, वर तिला बक्षीस. त्याआधी २०१० पासून सिम नावाचं मोजमाप होतं, त्यात सेवेत काहीतरी बिघडलं म्हणून लोकांना कंपनीला करावे लागलेले फोनसुद्धा मोजायचे. मला विचाराल तर ते मोजणं जास्त प्रामाणिक होतं.

रिटायर्ड_लाइनमन:
मी विजेच्या बाजूचा, आतली गोष्ट सांगतो. तक्रारीला मुदत असते, मुदत संपत आली की साहेब म्हणणार आधी क्लोज कर, लागलं तर नवीन नंबरने उघडू. कागदावर सगळं वेळेत. आणि आम्ही खांबावरून उतरून दारात उभं राहून म्हणायचो, पाच द्या बरं का ताई, इन्सेंटिव्ह आहे.

विजेत सैडी नावाचा आकडा असतो, सगळ्यांचा मिळून अंधार किती मिनिटं, भागिले एकूण ग्राहक. आता १०,००० ग्राहकांत टोकाच्या १०० घरांची वीज १० तास गेली तर सैडी येणार फक्त ६ मिनिटं, अहवाल एकदम झकास, आणि त्या १०० जणांनी काय करायचं? शिवाय आयईईई या इंजिनिअरांच्या जागतिक संस्थेच्या व्याख्येत पाच मिनिटांपर्यंतचं जाणं-येणं त्यात धरतच नाहीत. फ्रिज मात्र धरतो 😀

मीटर_बघ:
लाइनमन काका, बरोबर. म्हणून ब्राझीलचं मला पटतं. त्यांचा वीज नियामक अनील २००० पासून घरोघरी समाधानाचा सर्व्हे घेतो, पण त्यावरच थांबत नाही, एकेका ग्राहकाची वीज किती वेळ गेली त्याचीही मर्यादा आहे, ती ओलांडली की पैसे आपोआप बिलात वजा. सरासरीच्या आड लपता येत नाही.

कोरडा_नळ, तुमच्याकडे दाबाचा काही नियम आहे का बघा. इंग्लंडमध्ये २८ दिवसांत दोनदा, दर वेळी तासाभराहून जास्त, दाब सात मीटरच्या खाली गेला (म्हणजे पाणी सात मीटर उंच चढेल एवढाही दाब नसला) तर भरपाई मिळते. १५ लिटरला २० मिनिटं म्हणजे मिनिटाला पाऊण लिटर, हा आकडा तारीख-वेळ टाकून लिहून पाठवा. ‘पाणी कमी येतं’ एवढंच लिहिलं की क्लोज करायला सोपं जातं. आणि आधी रस्त्याकडचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे ना ते बघा, राग मानू नका.

कोरडा_नळ:
व्हॉल्व्ह उघडाच आहे, दोनदा बघितला. आज सकाळी सातला आणि रात्री नऊला बादली लावली, सकाळी २२ मिनिटं, रात्री १४. दोन्ही आकडे टाकून नवीन तक्रार केली, जुना नंबरही लिहिला. नोंद झाल्याचा मेसेज आला आणि खाली तेच, ‘आमची सेवा कशी वाटली?’